मताचं विरजण

आपली मराठी भाषा शब्दांच्या बाबतीत मोठी काटकसरी आहे. इंग्रजाला ओपिनियन वेगळं लागतं आणि व्होट वेगळं लागतं. हिंदीवाल्यानंही 'राय' वेगळी ठेवली आणि 'वोट' इंग्रजाकडून उसना घेतला. आपण मात्र 'मत' या एकाच शब्दावर दोन्ही संसार चालवतो. लग्नाच्या पंगतीत "मठ्ठा जरा आंबट झालाय असं माझं मत आहे" म्हणतो तेही मत, आणि पाच वर्षांतून एकदा नगरपालिकेच्या शाळेत, लहान मुलांच्या बाकांमधून अंग चोरत जाऊन पेटीला देऊन येतो तेही मतच.

इथवर ठीक आहे. पण त्यापुढे आपल्या पूर्वजांनी 'दान' हा शब्द जोडला आणि घोटाळा करून ठेवला. मतदान! दानाचे नियम कडक असतात. त्यातला पहिला असा, की जे आपलं आहे तेच दान करावं. शेजाऱ्याची गाय सोडून नेऊन ब्राह्मणाला दिली तर पुण्य लागत नाही. शेजारी पोलिसात जातो. तेव्हा बोटाला शाई लावून घेताना माझ्या मनात नेहमी एक प्रश्न येतो. हे जे मत मी आता देऊन राहिलो, ते माझंच आहे ना? की कुणाचं तरी दावं सोडून आणलेलं?

माणसाला मत नेमकं कुठून येतं, हे पाहत बसण्याचा मला जुना छंद आहे. काही लोक पक्षी पाहतात, मी मतं पाहतो. खर्च दोन्हीत सारखाच नसतो. मतांसाठी दुर्बिणीची गरज पडत नाही, गॅलरी पुरते. आमच्या समोरचे काका सकाळी सात वाजता दूध घ्यायला येतात तेव्हा त्यांना कसलंही मत नसतं. चेहरा कोऱ्या कागदासारखा. साडेसातला पेपर येतो. आठला चहाचा दुसरा कप होतो. नऊ वाजता पानठेल्यावर तेच काका बोट नाचवून सांगत असतात, "हे पाहा, माझं तर पहिल्यापासून हेच मत आहे!" पहिल्यापासून म्हणजे साडेसातपासून. बरं, काका खोटं बोलत नसतात. मताचा गुणच असा आहे की ते डोक्यात शिरलं की दुसऱ्या मिनिटाला घरमालक होऊन बसतं, आणि आपण कालपर्यंत रस्त्यावर होतो हे त्याला आठवतही नाही.

पूर्वी नागपुरात निदान मताचा पत्ता तरी ठाऊक असायचा. आमचा वाडा महालातला. सात बिऱ्हाडं आणि चार पेपर. कुणाच्या दारात कोणता पेपर पडतो यावरून त्या घरात गणपतीपुढे कोणत्या विषयावर भांडण होणार हे सांगता येई. 'तरुण भारत' १९४४ पासूनचा. ग. त्र्यं. माडखोलकरांसारखा कादंबरीकार त्याच्या संपादकाच्या खुर्चीत बसलेला. प्रकाशन संस्थेचं नाव 'नरकेसरी', म्हणजे बॅरिस्टर मोरोपंत अभ्यंकरांचं. अभ्यंकर काँग्रेसचे पुढारी, पण पेपर ओळखला गेला तो संघविचाराचा म्हणून. त्याचे संपादक मा. गो. वैद्य पुढे संघाचे प्रवक्तेच झाले. 'लोकमत'चं नाव यवतमाळच्या लोकनायक बापूजी अण्यांच्या १९१८ सालच्या साप्ताहिकाचं. नागपुरात ते १९७१ पासून दैनिक म्हणून निघू लागलं ते जवाहरलाल दर्डांचं, आणि दर्डा काँग्रेसचे मंत्री. इंग्रजी 'हितवाद'ची गंमत तर औरच. १९११ साली तो काढला नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजानं. पुढे तो विद्याचरण शुक्लांकडे गेला. आणीबाणीत साऱ्या देशाच्या पेपरांनी काय छापावं नि काय छापू नये हे पाहणारं खातं ज्यांच्याकडे होतं, तेच हे शुक्ल. त्यांच्यानंतर आले बनवारीलाल पुरोहित. ते नागपूरचे खासदार झाले १९८४ आणि १९८९ साली काँग्रेसकडून, आणि १९९६ साली भाजपकडून. शहर तेच, खासदार तेच, पेपरही तोच. फक्त झेंडा बदलला. नागपूरकर उन्हाळ्यात कूलरची खस बदलतो तितक्या सहजपणे त्यानं हेही पाहिलं.

तर सांगायचं म्हणजे, कुणी कुणाला फसवत नव्हतं. पेपरचं कूळ आणि गोत्र सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे वाचणारा मनातल्या मनात वजाबाकी करीत वाचायचा. आमच्या वाड्यात दहा वाजल्यानंतर पेपरांची अदलाबदल होई. वरच्या मजल्यावरचा पेपर खाली, खालचा विहिरीजवळच्या खोलीत, तिथला परत वर. हा मार्ग रेल्वेच्या वेळापत्रकापेक्षा पक्का होता. आमचे मामा चारही पेपर वाचून मगच आंघोळीला जात. कस्तुरचंद पार्कवर सभा झाली की एका पेपरात 'अथांग जनसागर' उसळायचा आणि दुसऱ्यात 'तुरळक उपस्थिती' असायची. मामा दोन्ही वाचून म्हणत, "म्हणजे मैदान अर्धं भरलं होतं." आणि ते खरंच अर्धंच भरलेलं असे, कारण मामा आदल्या संध्याकाळी स्वतः तिथं भुईमुगाच्या शेंगा खात बसलेले असत. या शेवटच्या मुद्द्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

आता कुणी म्हणेल, पेपरवाले मतं घडवतात म्हणजे काही तरी कारस्थान करतात. मला तसं वाटत नाही. जुन्या वाड्याला देवडी असायची आणि देवडीवर पहारेकरी. आत कुणाला सोडायचं आणि कुणाला "मालक झोपलेत" सांगायचं हे तो ठरवी. पेपरच्या देवडीवर रात्रपाळीचा उपसंपादक बसतो. बिचाऱ्याला मूळव्याध असते, चहा गार झालेला असतो, पानं आठ असतात आणि त्यात जाहिराती आधीच पाय पसरून बसलेल्या असतात. उरलेल्या जागेत सारं जग बसवायचं. मंत्र्याचं भाषण पहिल्या पानावर वरच्या अंगाला, अपघात खाली, साहित्य संघाचा कार्यक्रम 'थोडक्यात'मध्ये. आणि जे कुठंच बसत नाही त्यासाठी मराठी पत्रकारितेनं एक फार सोज्ज्वळ शब्द शोधून ठेवलाय – 'जागेअभावी'. जागेअभावी राहून गेलं! या एका शब्दाच्या पोटात किती माणसं गडप झाली असतील याची मोजदाद कुणी करायची?

सगळं काही जागेअभावीच राहतं असंही नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं 'मूकनायक' निघालं. त्याची जाहिरात 'केसरी'कडे दिली गेली. फुकट नव्हे, पैसे मोजून. 'केसरी'नं ती छापली नाही. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क आहे हे देशाला ऐकवणारा आवाज ज्या देवडीतून निघाला, त्याच देवडीवर दुसऱ्या एका आवाजाला रोख पैसे देऊनही आत येता आलं नाही. म्हणजे पहारेकरी वाईट माणूसच असला पाहिजे असं नाही. तो थोर असला, देशासाठी तुरुंगात जाऊन आलेला असला, तरी दाराच्या बाहेर कोण उभं आहे हे त्याला दिसेलच याची खात्री नसते. आणि जे पेपरात दिसत नाही त्याविषयी साडेसात वाजता चहा पिणाऱ्या माणसाला कसलंही मत नसतं. विरोधी मत तर सोडाच, मतच नसतं. सत्तेचं खरं ठाणं मला वाटतं इथं आहे. आपण काय विचार करावा हे सांगणाऱ्याशी भांडता येतं. कशाचा विचारच करू नये हे ठरवणाऱ्याशी भांडणार कसं?

नागपुरात हे दारात येऊन घडलं. १९५३ च्या नागपूर कराराची कृपा अशी, की दर हिवाळ्यात सरकार मुंबईहून इथं येतं. हुरडा, संत्री आणि मोर्चे यांचा हंगाम एकच. मोर्च्यांची आम्हाला इतकी सवय, की घरातून निघताना आम्ही "आज कुणाचा मोर्चा?" हे "आज भाजी कोणती?" अशा आवाजात विचारतो. उत्तर ऐकतो ते रस्ता कोणता बंद आहे हे कळण्यापुरतं. मागणी काय, हे विचारायची पद्धत नाही.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी असाच एक मोर्चा आला. गोवारींचा. गुरं राखणारा समाज. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं, झाडून सगळे आलेले. त्यांचं म्हणणं एवढंच, की अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' म्हणून जे लिहिलंय ते आम्हीच, तेव्हा आम्हाला त्या सवलती द्या. एका शब्दाचा प्रश्न. निवेदन घ्यायला कुणी मंत्री येईल म्हणून ते रस्त्यावर वाट पाहत होते. संध्याकाळी पोलिसांनी लाठ्या उगारल्या, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. बहुतेक बाया आणि मुलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत जागा झाली.

आदल्या दिवसापर्यंत या शहरात गोवारींच्या मागणीविषयी मत असलेली किती माणसं सापडली असती? आणि दोन दिवसांनी पानठेल्यावर मत नसलेला माणूस सापडला नसता. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. पुढल्या वर्षी सरकार बदललं, युतीचं राज्य आलं, गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घातलं गेलं. मूळ शब्दाचा प्रश्न मात्र कोर्टात गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आज शहीद गोवारींचं नाव आहे. पुलावरून जाताना सिग्नल लागत नाही, त्यामुळे थांबून विचार करायची वेळही येत नाही.

आणि तीच तारीख, २३ नोव्हेंबर, पंचवीस वर्षांनी पुन्हा आली, पण विनोदी अंगानं. २०१९ ची निवडणूक झाली होती. युतीला दान दिलेल्या मतदारानं सुटकेचा श्वास टाकला होता, तोच युती मोडली. महिनाभर कोण कुणाबरोबर जेवलं याच्या बातम्या वाचून लोकांना अपचन झालं. अखेर २२ तारखेच्या रात्री ठरलं, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री. पेपरवाल्यांनी तसं छापलं आणि झोपले. सकाळी लोकांनी पेपर उघडला तर हातात ठाकरे, आणि समोर टीव्हीवर राजभवनात शपथ घेताहेत आमच्या नागपूरचे देवेंद्र फडणवीस, शेजारी अजित पवार! एवढ्या वर्षांत पेपरवाल्यांच्या देवडीवरून राजकारण असं भिंतीवरून उडी मारून प्रथमच आत आलं असेल. समोरच्या काकांचे त्या दिवशी फार हाल झाले. साडेसातला बनलेलं मत आठ वाजता नासलं. ते पानठेल्यावर आलेच नाहीत. मंगळवारी, २६ तारखेला, ते सरकार गेलं आणि २८ ला उद्धव ठाकऱ्यांनी शपथ घेतली, तेव्हा कुठं काकांना जुनं मत पुन्हा गरम करून वापरता आलं.

या प्रकरणाला सारा महाराष्ट्र 'पहाटेचा शपथविधी' म्हणतो. पहाटे पावणेसहाच्या सुमाराला उठली ती राष्ट्रपती राजवट. शपथ झाली ती आठ वाजता. आठ वाजता नागपुरात शाळेची पहिली घंटा होऊन जाते, तर्री-पोह्यांचं पहिलं पातेलं संपतं. तिला पहाट म्हणायला माणूस फार श्रीमंत तरी पाहिजे किंवा कवी तरी. पण 'पहाटेचा' म्हटलं की कसा सगळीकडे अंधार पसरतो, पावलं वाजू नयेत म्हणून चपला हातात घेतल्यासारखं वाटतं! 'सकाळी आठचा शपथविधी' म्हणा, लगेच तो तलाठ्याच्या कार्यालयातल्या कामासारखा दिसू लागतो. घटना चांगली की वाईट हे मी सांगत नाही. एवढंच म्हणतो, की तुमचं मत त्या एका विशेषणानं आधीच ठरवून टाकलं.

पुढे तर शब्दांचाच बाजार भरला. २०२२ च्या जूनमध्ये एकनाथ शिंदे आमदार घेऊन गेले. त्यांचे लोक म्हणाले 'उठाव', ठाकऱ्यांचे लोक म्हणाले 'गद्दारी', पेपरवाले म्हणाले 'बंड'. २०२३ च्या जुलैत अजित पवार गेले, तेव्हा तेच शब्द धुऊन, इस्त्री करून पुन्हा आले. निवडणूक आयोगानं धनुष्यबाण एकाला दिला, घड्याळ दुसऱ्याला दिलं. मतदार बिचारा घरात बसून विचार करतो, मी दिलेलं दान आता नेमकं कुणाच्या घरी आहे? शास्त्र म्हणतं, दान दिल्यावर त्याची चौकशी करू नये. राजकारणात एवढं एकच शास्त्र पाळलं जातं.

आता काळ बदलला. देवडी पडली, पहारेकरी घरी गेला. प्रत्येकाच्या हातात फोन आहे आणि आलेलं पुढे ढकलायला एक अंगठा पुरतो. यात मोठं चांगलं झालं हे मान्य केलंच पाहिजे. आज 'मूकनायक' काढणाऱ्याला कुणाच्या दारात जाहिरातीचे पैसे घेऊन उभं राहावं लागणार नाही. रस्त्यावर लाठी उगारली तर ती शंभर फोनांत टिपली जाईल. पण आमच्या वाड्यातली अदलाबदल मात्र संपली. त्या काळी वरच्या मजल्यावरच्यांना खालच्यांचा पेपर निदान नाक मुरडत तरी वाचावा लागे. आता एका घरात चार माणसं, चार फोन, आणि चौघांची चार जगं. फोनला तुमची आवड एकदा कळली की तो आग्रही मावशीसारखा तोच पदार्थ पुन्हा पुन्हा वाढतो. नवा पहारेकरी आहेच. पण त्याचं कूळ ठाऊक नाही, पत्ता ठाऊक नाही, तो कुणाच्या पंगतीला जेवतो ते ठाऊक नाही. मग वजाबाकी करायची कशातून?

हे सगळं मी एकदा आमच्या सौ.ला समजावून सांगत होतो. ती दुधाला विरजण लावत होती. म्हणाली, "त्यात काय एवढं? विरजण शेजारणीकडून आणलं तरी दही आपलंच असतं. दूध आपलं पाहिजे म्हणजे झालं."

मी गप्प बसलो, कारण हा मुद्दा मला सुचायला हवा होता. उसनं विरजण कुणाला चुकलंय? आई-वडील, मास्तर, पेपर, पक्ष यांच्याकडून थोडं थोडं घेतल्याशिवाय कुणाचंच मत लागत नाही. अगदी स्वयंभू मत म्हणजे नुसतं तापलेलं दूध. उतू जातं आणि शेगडी विझवतं. पण दूध आपलं पाहिजे. दूध म्हणजे आपण डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, दारात येऊन थांबलेलं. कस्तुरचंद पार्कवर शेंगा खात बसलेल्या मामांना दोन पेपरांतून खरं काढता यायचं, ते चार पेपर वाचत म्हणून नव्हे. ते मैदान पाहून आलेले असत म्हणून. मोर्चा घरासमोरून जात असताना खिडकी लावून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पेपरातून त्याविषयी मत घ्यायचं, म्हणजे नुसतं शेजारणीचं विरजण वाटीत घेऊन "आमचं दही बघा" म्हणण्यासारखं आहे. त्याचं दान करू नये. निदान दान म्हणू तरी नये.

आणि शेजारणीचं घर ठाऊक असावं. आमच्या बर्डीवरच्या सलूनमध्ये खुर्चीत बसलं की हातात पेपर येतो. एकदा डोक्यावर कात्री चालू असताना मी मोठमोठ्यानं अग्रलेख वाचून दाखवत होतो. कात्री थांबली. मागून आवाज आला, "साहेब, तो का सांगून राहिला ते वाचलं तुम्ही. का नाही सांगून राहिला, ते कोण वाचन?" मी आरशात पाहिलं. अर्धं डोकं भादरलेल्या माणसाला वाद घालता येत नाही. पण तेव्हापासून मी पेपर मिटला की एकदा स्वतःला विचारतो, आज कोण बाहेर उभं राहिलं असेल?

उत्तर रोज मिळतंच असं नाही. महिनाअखेर रद्दीवाला येतो. तो सगळे पेपर एका गठ्ठ्यात बांधतो; संघाचा, काँग्रेसचा, इंग्रजी, हिंदी, सगळे एका तराजूत आणि एकाच भावानं. इतकं निःपक्षपाती माणूस मी या शहरात दुसरं पाहिलेलं नाही. तो पेपर घेऊन जातो आणि त्यातून आलेली मतं मात्र आमच्याकडेच ठेवून जातो. त्यांना वजन नसतं, त्यामुळे त्यांना कुणी किंमतही देत नाही. निदान निवडणुकीच्या आदल्या रात्रीपर्यंत तरी.